बाबांची ८७ ची फियाट : सोळा महिने, दीड लाख आणि एक चुकलेला आठ

गेल्या आठवड्यात नवीन नंबरप्लेट लागली, म्हणजे हे प्रकरण कागदोपत्री पण संपलं, म्हणून आता लिहायला बसलोय. सुरुवात केली तेव्हा मी हेच शोधत फिरत होतो की आपल्यासारखाच कुणीतरी, म्हणजे गॅरेज नसलेला, शनिवार-रविवारच मोकळा असलेला, खिसा बघून खर्च करणारा माणूस हे करून बसलाय का आणि त्याने कुठे कुठे माती खाल्ली. मी भरपूर खाल्लीय, तर घ्या.

गाडी प्रीमियर पद्मिनी, १९८७ ची, १०८९ सीसी, गियर स्टीअरिंगला. कागदावर पद्मिनी असली तरी आमच्या गल्लीत ती कायम फियाटच. तेव्हा मारुती ८०० येऊन तीन-साडेतीन वर्षं झाली होती तरी बाबांनी हीच घेतली, कारण काय तर "हिचा पत्रा जाड आहे". हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणारे.

२०१८ च्या पावसाळ्यात क्लच गेला, त्याच सुमारास बाबांना मोतीबिंदूचं ऑपरेशन सांगितलेलं, मग गाडी शेडमध्ये ढकलली ती तिथेच राहिली. वर ताडपत्री, ताडपत्रीवर जुनी सायकल, सायकलवर अजून काय काय. ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईतल्या पद्मिनी टॅक्सी कायमच्या बंद झाल्या, त्या बातम्या टीव्हीवर लागल्या होत्या आणि बाबा काही न बोलता बघत बसले होते. दिवाळीत भंगारवाला येऊन २२ हजार देतो म्हणाला. बाबा म्हणाले, "दे टाकून." पण म्हणताना माझ्याकडे बघत नव्हते, मग काय, भंगारवाल्याला चहा पाजून परत पाठवला.

१८ नोव्हेंबर २०२३, शनिवार, ताडपत्री काढली. बजेट ठरवलं ८० हजार, मुदत पुढचा दसरा. दोन्ही ठरवताना मला कशाचीच कल्पना नव्हती.

पहिली चूक इथेच केली. पाना उचलायच्या आधी आरसी बुक उघडून बघायला हवं होतं. शेवटचं रिन्यूअल २०१७ चं, मुदत १४ जून २०२२ ला संपलेली, आणि मी ते बघितलं तब्बल वर्षभराने. उशिराचा दंड महिन्याला ५०० रुपयांनी चढत होता आणि मी इकडे निवांत बोल्टांना गंजाचा स्प्रे मारत बसलो होतो. तुम्ही करणार असाल तर आधी कागद बघा, मग बॉनेट उघडा.

आतून काय निघालं ते सांगतो. मागच्या सीटच्या काथ्यात उंदरांनी संसार थाटला होता, वायरिंग डॅशबोर्डखाली कुरतडून भुसा केलेला. सीटखाली २५ पैशाची दोन नाणी आणि माझं शाळेतलं करकटक मिळालं, जे हरवल्याबद्दल मी पाचवीत मार खाल्ला होता. ड्रायव्हरच्या पायाखालचं रबरी मॅट उचललं तर मॅटबरोबर फ्लोअरचा पत्राच वर आला, पापडासारखा, आणि खाली शेडची शहाबादी फरशी दिसली. बाबा शेजारी उभे होते. मी त्यांच्याकडे बघितलं नाही.

महिनाभर फक्त खोलणं चाललं. प्रत्येक नट-बोल्ट वेगळ्या पिशवीत घालून वर चिठ्ठी, आणि खोलायच्या आधी मोबाईलवर फोटो. सुरुवातीला हे मला फाजील वाटायचं, पण वर्षाने जोडताना त्या साडेसहाशे फोटोंनीच तारलं. टूलबॉक्स आणि जॅकस्टँड मिळून ४,२०० गेले. जॅकस्टँडवर कंजूषी करू नका. नुसत्या जॅकवर गाडी उचलून खाली झोपायचं नाही म्हणजे नाही.

इंजिन जाम होतं. कुणी म्हणालं चेन लावून ट्रॅक्टरने ओढ, ते ऐकलं नाही ते बरं झालं. चारही प्लग काढले, प्रत्येक सिलिंडरमध्ये डिझेल आणि गियर ऑईलचं मिश्रण अर्धी अर्धी वाटी ओतलं आणि दहा दिवस हात लावला नाही. मग १७ डिसेंबरच्या रविवारी चौथा गियर टाकून गाडी मागे-पुढे हलवायला सुरुवात केली, मी, शेजारचा पोरगा आणि बायको, जोर लावून नाही, नुसतं डुलवत. पाऊण तास काही नाही आणि मग एकदम 'चुक' असा आवाज झाला आणि प्लगच्या भोकातून काळं डिझेल माझ्या शर्टावर उडालं. त्या दिवशी आम्ही तिघांनी इतका आरडाओरडा केला की बाबा झोपेतून उठून आले.

पार्टसाठी २० जानेवारीला मुंबई, कुर्ल्याचा सीएसटी रोड. ही गाडी बनली पण कुर्ल्यातच, प्रीमियरच्या कारखान्यात, त्यामुळे तिला माहेरी घेऊन आल्यासारखं वाटत होतं, गाडी बरोबर नसली तरी. टॅक्सी भंगारात गेल्याने तिथे सामान होतं, पण दुकानदारांनाही आता कळलंय की हे संपत जाणारं आहे, भाव त्या हिशोबाने. किंगपिन किट, गियर लिंकेजचे बुश, क्लच प्लेट, एसी पंप (एअर कंडिशनरचा नाही, पेट्रोल ओढणारा), दरवाज्यांची रबरं, हेडलाईटच्या रिंगा, एकूण ११,३००. एक शिकलो : जुना पार्ट पिशवीत घालून बरोबर न्या. "पद्मिनीचा व्हील सिलिंडर द्या" म्हटलं तर समोर चार प्रकारचे ठेवतात, आणि मी अंदाजाने उचललेले दोन घरी येऊन बसलेच नाहीत. शेवटी ब्रेकचं सगळं सामान पुण्याच्या नाना पेठेतून घेतलं, यावेळी जुना सिलिंडर हातात धरून.

इंजिनाचं खोलकाम मी घरी केलं आणि हेड, ब्लॉक, क्रँक टेंपोत टाकून कोल्हापूरला शिवाजी उद्यमनगरात नेलं. तिथल्या लेथवाल्याने बोअर, म्हणजे सिलिंडरचं भोक, मोजला आणि म्हणाला की कापून मोठा करायची गरज नाही, होनिंग, म्हणजे आतून हलकी घासाई, करून नवीन रिंगा टाका. त्याने बोअर करा म्हटलं असतं तर मी मुकाट्याने पैसे दिले असते, मला काय कळतंय. व्हॉल्व्ह लॅपिंग, रिंगा, बेअरिंगं, गॅस्केट सेट, लेथची मजुरी सगळं मिळून १६,८००. लग्नसराईत टेंपोंची कामं आलीत म्हणून माझं काम तीन आठवडे मागे पडलं एवढंच.

म्हणजे ज्या इंजिनाला मी घाबरत होतो ते सतरा हजाराच्या आत सुटलं. आता पत्रा.

पत्र्याचं काम करणारे म्हातारे मिस्त्री मिळाले, सगळे त्यांना चाचा म्हणतात, आम्हीही म्हणायला लागलो. रोज १,२०० आणि दोन वेळचा चहा, घरी येऊन करणार. त्यांनी पहिल्या दिवशी वेल्डिंग काढलंच नाही, हातात एक स्क्रू-ड्रायव्हर घेऊन गाडीभोवती फिरले आणि टोचत गेले. जिथे टोक आत गेलं तिथे खडूने गोल. दोन्ही बाजूचे दरवाज्याखालचे बोर्ड, चारही दरवाज्यांच्या तळकडा, डिकीचं फ्लोअर, पुढच्या दोन्ही मडगार्डांची हेडलाईटमागची जागा. संध्याकाळी गाडीवर रंगापेक्षा खडू जास्त होता. बाबा म्हणाले, "अहो चाचा, हिचा पत्रा जाड आहे ना?" चाचा म्हणाले, "जाड होता साहेब. गंजाला जेवण जास्त मिळालं."

आधी ८ दिवसांचं काम ठरलं होतं ते १९ दिवसांवर गेलं, एप्रिल-मे मिळून. १९ गुणिले १,२०० म्हणजे २२,८००, वर पत्रा आणि गॅसचे ६,५००. मधे एक दिवस मी चाचांना म्हटलं की बोर्डच्या आतल्या बाजूला लांबी (पुट्टी) भरून सोडू या का, दिसत तर नाही. चाचांनी टॉर्च बंद केला आणि काही न बोलता चहा प्यायला गेले. परत येऊन एवढंच म्हणाले की लांबी पत्र्यावर मारायची असते, भोकावर नाही. पुढे मी तोंड उघडलं नाही. तुमच्याकडे पैसे कमी असतील तर रंग नंतर करा, सीट नंतर करा, पण पत्रा कापून नवीन जोडायच्या कामात काटछाट करू नका. आणि वेल्डिंगच्या आधी पेट्रोलची टाकी काढून लांब ठेवा, रिकामी असली तरी. रिकाम्या टाकीतली वाफ जास्त वाईट.

टाकीवरून आठवलं. आतला गंज काढायला टाकीत व्हिनेगर आणि खडे टाकून हलवायचं असं सगळे सांगतात. मी ४७ खडे मोजून टाकले. ४६ निघाले. एका खड्यासाठी मी आणि शेजारचा पोरगा दीड तास ती टाकी उलटीसुलटी करत नाचत होतो. खड्यांऐवजी साखळीचा तुकडा टाका, एक टोक हातात राहतं.

जून ते सप्टेंबर काहीच नाही. पावसात रंग मारायचा नाही हे चाचांनी निक्षून सांगितलं होतं, दमट हवेत रंगावर पांढरट धुकं धरतं म्हणे. उघड्या पत्र्याला रेड ऑक्साईड मारून ठेवला आणि चार महिने शेडमध्ये जायचंच बंद केलं. खरं सांगायचं तर या काळात मी विकायचा विचार केला होता. बजेट ८० हजारापैकी सत्तर गेले होते आणि समोर होता चाकांशिवायचा लाल सांगाडा. बायको म्हणाली, "आता विकलीस तर २२ हजारपण येणार नाहीत." या हिशोबापुढे बोलण्यासारखं काही नव्हतं.

ऑक्टोबरमध्ये रंग. दसरा १२ तारखेला होता, तो हुकला, गाडीला झेंडूचा हार घातला पण प्रायमरवर. रंगाचं सामान आणि बूथचं भाडं धरून २४ हजार. मला मधे निळा करायची हुक्की आली होती, पण आरसीवर जो रंग लिहिलाय तोच ठेवा, बदलला तर आरटीओत वेगळी नोंद करावी लागते. जुनाच क्रीम ठेवला. पुढचं पटापट सांगतो : ५.२०-१४ साईझचे चार टायर ट्यूबसकट १४,८००, वायरिंग आणि बॅटरी ८,९००, कुशनवाल्याचे ७,५००, ब्रेकचे ७,४००. ब्रेकची हवा काढायला दोन माणसं लागतात, बायको पेडलवर आणि मी खाली झोपून, "दाब... धर... धरलंस का? ...सोड". मी निपल (हवा सोडायचा स्क्रू) बंद करायच्या आधी तिने दोनदा सोडलं, मग मी खालून काहीतरी बोललो, मग ती उतरून गेली आणि उरलेली दोन चाकं दुसऱ्या दिवशी झाली.

पेट्रोलचे सगळे रबरी पाईप मी नवीन टाकले, जुने धड दिसत होते तरी. आताच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते जुन्या रबराला फुगवतं आणि मऊ करतं. त्याच कारणाने कारबोरेटरमध्ये पेट्रोल महिनोन्‌महिने साठवून ठेवायचं नाही.

८ डिसेंबर २०२४, रविवार, पहिला स्टार्ट. सेल्फ मारला, इंजिन फिरलं, आणि कारबोरेटरमधून 'फाट्ट' करून जाळ बाहेर आला. माझी उजवी भुवई अर्धी गेली. फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटायचा क्रम, १-३-४-२ मी पाठ केली होती, वायरी त्याच क्रमाने लावल्या होत्या, पण डिस्ट्रिब्युटर (प्लगांना ठिणगी वाटणारा) अर्धा फेरा उलटा बसवला होता, म्हणजे एक नंबरची ठिणगी चार नंबरला. एक नंबर पिस्टन वर आला म्हणजे झालं असं नसतं, तो कॉम्प्रेशनवर वर आलाय की एक्झॉस्टवर ते बघायचं : प्लगच्या भोकावर अंगठा ठेवून क्रँक फिरवा, हवा अंगठा ढकलते तो कॉम्प्रेशन. आणि आग विझवायचा छोटा सिलिंडर हाताशी ठेवा. माझ्या हाताशी ओलं पोतं होतं, त्यावर भागलं. दुपारी डिस्ट्रिब्युटर फिरवून पुन्हा मारला आणि गाडी चालू झाली. सहा वर्षांनी. सायलेन्सरमधून उंदरांनी साठवलेली शेंगांची टरफलं उडाली. बाबांनी पुढे येऊन एक बोट बॉनेटवर ठेवलं, बराच वेळ, आणि म्हणाले, "टॅपेट वाजतंय." वाजत होतं खरं, व्हॉल्व्हची टकटक.

आता कागद.

सगळ्यात आधी, "१५ वर्षांवरच्या गाड्या बंद झाल्यात ना?" हे मला किमान तीस जणांनी विचारलं. ती बंदी दिल्ली आणि आसपासच्या भागातली आहे. महाराष्ट्रात खाजगी गाडीचं रजिस्ट्रेशन १५ वर्षांनी आणि मग दर ५ वर्षांनी रिन्यू करता येतं, गाडी तपासणीत पास झाली पाहिजे. दुसरं, व्हिंटेज नोंदणीचा २०२१ चा नियम ५० वर्षांवरच्या गाड्यांना आहे आणि तशी गाडी रोज वापरता येत नाही, प्रदर्शन, रॅली वगैरेपुरतीच. आमची २०३७ ला बसेल. बाबा म्हणाले, तेव्हा मी नव्वदचा, आम्ही दोघं मिळून प्रदर्शनात बसू.

६ जानेवारी २०२५ ला परिवहनच्या वेबसाईटवर फॉर्म २५ भरला. आधी तिथे बाबांचा मोबाईल नंबरच नव्हता, तो घालण्यात दोन फेऱ्या. आमचा नंबर जुन्या पद्धतीचा, एमएच नसलेला, मधे स्पेस टाकली की साईट गाडीच ओळखत नाही. रिन्यूअल फी तेव्हा ५,०००, उशिराचे ३१ महिने गुणिले ५०० म्हणजे १५,५००, पर्यावरण कर ३,०००, कार्डाचे २००. एजंट सगळं मिळून वरचे नऊ हजार मागत होता, दिले नाहीत, पण का लोक देतात ते पुढच्या दोन महिन्यांत कळलं. मुदत संपायच्या ६० दिवस आधीपासून अर्ज करता येतो, तेवढं केलं असतं तर ते साडेपंधरा हजार वाचले असते.

विमा थर्ड पार्टी, साधारण ४,४००. पीयूसीला पहिल्यांदा नापास. आपल्या गाडीच्या काळातल्या चारचाकीला कार्बन मोनॉक्साईड ३ टक्के आणि हायड्रोकार्बन १५०० पीपीएमपर्यंत चालतं, आमचं मोनॉक्साईड ५.८ आलं. बाबांनी तिथेच खिशातून छोटा स्क्रू-ड्रायव्हर काढला (खिशात होता!) आणि मिक्श्चर स्क्रू कान देऊन अर्धा आटा आवळला. २.४. पीयूसीवाला पोरगा त्यांच्याकडे बघतच राहिला.

आरसी संपलेली गाडी रस्त्यावर चालवायची नाही, म्हणून २१ जानेवारीला तपासणीला पिकअपवर चढवून नेली, २,८०० रुपये. इन्स्पेक्टरसाहेबांनी लाईट, ब्रेक, हॉर्न बघितले, मागे रिफ्लेक्टर नाहीत म्हणाले, ते बाहेरच्या टपरीवर घेऊन लावले. मग चॅसिस नंबरवर (गाडीच्या सांगाड्यावर ठोकलेला नंबर) कागद ठेवून पेन्सिल घासून ठसा घेतला आणि थांबले. गाडीवर आठ आहे, कॉम्प्युटरमध्ये तीन. कुणीतरी कधीतरी जुन्या रजिस्टरवरून टाईप करताना आठचा तीन केला होता आणि आमची गाडी इतकी वर्षं सरकारच्या लेखी दुसरीच कुठलीतरी गाडी होती. माझ्या पोटात गोळा आला, कारण चॅसिस नंबर जुळत नाही म्हणजे चोरीची गाडी असंच धरतात.

वाचवलं ते १९८७ च्या मूळ आरसी बुकाने. बाबांनी ते प्लास्टिकच्या पिशवीत, लग्नाच्या फोटोंबरोबर ठेवलं होतं. शाईने लिहिलेला आठ, स्पष्ट. स्मार्ट कार्ड आलं म्हणून जुनं बुक टाकून देऊ नका, कधीच. त्याची झेरॉक्स, नवीन पेन्सिल प्रिंट, दुरुस्तीचा अर्ज. एका खिडकीवर सांगितलं दुसरीकडे द्या, दुसरीकडचे रजेवर, तिसऱ्या फेरीला बाबा स्वतः आले आणि बाकावर बसून राहिले, पेपर वाचत, अगदी शांत, साडेचारपर्यंत. कशाने झालं माहीत नाही, पण त्या दिवशी सही झाली. ४ फेब्रुवारीला कॉम्प्युटरमध्ये आठ दिसला, अर्ज मंजूर झाला, कार्ड पोस्टाने आलं ३ मार्चला. हाय सिक्युरिटी नंबरप्लेटला ७४५ अधिक जीएसटी म्हणजे ८७९, ती २२ मार्चला बसली.

सगळा हिशोब वहीत आहे : गाडीवर १,२४,२००, कागदांवर ३१,८००, म्हणजे एक लाख छप्पन्न हजार. बजेटच्या जवळजवळ दुप्पट. यात पत्रा आणि रंग मिळून ५३ हजार, इंजिन त्याच्या एक तृतीयांश. कुणी विकत घेईल तर एवढे येणार नाहीत.

प्लेट लागल्यावर संध्याकाळी बाबांना चावी दिली. डोळ्यांमुळे ते आता रात्रीचे चालवत नाहीत, म्हणून उजेडात, गावाबाहेरच्या फाट्यापर्यंत आठ किलोमीटर. मी बाजूला बसलो होतो आणि पाय आपोआप नसलेल्या ब्रेकवर. तिसऱ्यातून दुसऱ्यात टाकताना त्यांनी क्लच दोनदा दाबला, तसं का म्हणून विचारलं तर म्हणाले, हिला आवडतं.

अजून बरंच बाकी आहे. डाव्या त्रिकोणी काचेचं रबर कुर्ल्याला सांगून ठेवलंय, ते येईपर्यंत पावसात नेता येणार नाही. पेट्रोलचा काटा कायम अर्ध्यावर. आणि इंजिनखालून ऑईलचा थेंब पडतो, मागच्या सीलमधून असावा, तो बदलायचा तर गिअरबॉक्स उतरवावा लागेल आणि ते मी या वर्षी करणार नाही. खाली जुनं जेवणाचं ताट ठेवलंय. बाबा सकाळी पेपर उचलायला जाताना त्यातले थेंब मोजून येतात. काल सात होते.